खिशात मावणारा, खिशाला परवडणारा डिजिटल कॅमेरा : आपापले अनुभव लिहा

मुलगी दहा वर्षांची आहे. तिला फोटो काढायचं वेड आहे, आणि इतक्यात तिच्या हातात फोन द्यायचा नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. म्हणून नुसता रोखून बटण दाबायचा, असा छोटा कॅमेरा शोधतेय. जाहिरातींत मेगापिक्सेल आणि झूमचे आकडे ठळक छापलेले असतात. रोजच्या वापरात काय कामी येतं ते मात्र वापरणाऱ्यालाच ठाऊक. तर ज्यांनी असा कॅमेरा मनसोक्त वापरलाय त्यांनी सविस्तर लिहा. कशासाठी घेतलात, घेताना काय पाहिलंत, आज पुन्हा घ्यायचा झाला तर काय बघाल? नवा, जुना, कुठल्याही कंपनीचा चालेल. लेन्स बदलायचे मोठे कॅमेरे इथे नकोत, त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

* * *

आधी मेगापिक्सेलचा हिशोब उरकून टाकू. ४ बाय ६ इंची फोटो छापायला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, १२०० गुणिले १८००, म्हणजे जेमतेम २२ लाख पिक्सेल लागतात. ए४ कागदभर छापला तरी ९० लाखांच्या आत भागतं. १० मेगापिक्सेलचा, म्हणजे एक कोटी पिक्सेलचा, कॅमेरा घरच्या वापराला पुरून उरतो.

फरक पडतो तो सेन्सरच्या, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या, आकारानं. स्वस्त कॅमेऱ्यांत बहुतेक वेळा १/२.३ इंची सेन्सर असतो. प्रत्यक्षात तो सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर भरतो, करंगळीच्या नखाहून लहान. ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळानं चौपट. भर दुपारी अंगणात दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर चटकन फरक सांगता येणार नाही. संध्याकाळी घरात दिव्याखाली काढून बघा. लहान सेन्सरला प्रकाश कमी मिळतो, कॅमेरा आयएसओ (प्रकाशाला संवेदनशील असण्याचा आकडा) ८००-१६०० पर्यंत चढवतो, आणि केस, भुवया, स्वेटरची वीण सगळं पुसट होतं. त्यावर आणखी मेगापिक्सेल कोंबून काही हाती लागत नाही. कॅनननं २००८ च्या जी१० कॅमेऱ्यात १४.७ मेगापिक्सेल दिले होते. पुढच्याच वर्षी जी११ आणि एस९० मध्ये ते १० वर आणले.

मी तो एस९० वापरतो. जुना झालाय, पण घरातल्या फोटोंसाठी अजून तोच उचलतो. कारण लेन्स. झूम न करता तिचं अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, एफ/२ इतकं मोठं उघडतं. पूर्ण झूम केलं की तेच एफ/४.९ होतं, म्हणजे प्रकाश सहावा हिस्सा उरतो. म्हणून घरात झूमला हात लावायचा नाही, दोन पावलं पुढे जायचं. कॅमेरा घेताना लेन्सभोवती छापलेले हे दोन आकडे जरूर वाचा. पहिला जितका लहान तितका घरातला फोटो चांगला.

* * *

दादा, तुमचं लेन्सचं पटलं. पण ज्यांच्या घरी रांगतं मूल आहे त्यांनी आणखी एक बघायला हवं : बटण दाबल्यावर फोटो निघतो कधी?

आमच्याकडे आधी एक स्वस्त कॅमेरा होता. बाळ चेंडू उचलून हसायचं, मी बटण दाबायची, आणि फोटोत पाठमोरं बाळ नाहीतर रिकामी सतरंजी. कॅमेरा आधी फोकस शोधतो, मग फोटो काढतो, त्यात क्षण निघून जातो. उपाय साधा आहे. बटण अर्धं दाबून धरायचं, बीप वाजून हिरवी चौकट आली की तसंच थांबायचं, आणि हवा तो क्षण आला की उरलेलं दाबायचं. एवढ्यानं निम्मं काम होतं. बाकीचं निम्मं कॅमेऱ्यावर आहे, आणि ते दुकानातच तपासता येतं. फोनवर स्टॉपवॉच चालू करा, कॅमेरा त्यावर रोखा आणि आकडा ५ वर येताच पूर्ण बटण दाबा. फोटोत कोणता आकडा आलाय ते बघा. मग तेच अर्धं दाबून ठेवून करा. दोन-तीन कॅमेरे असे तपासले की कोणता सुस्त आहे ते लगेच कळतं. शिवाय फ्लॅश मारल्यावर दुसऱ्या फोटोला किती वेळ थांबवतो, तेही बघा.

स्टॅबिलायझेशनबद्दल : ते आपल्या हाताचं थरथरणं सांभाळतं, बाळाचं हलणं नाही. बाळासाठी शटरचा (प्रकाश आत सोडणाऱ्या पडद्याचा) वेग वाढवावा लागतो, आणि त्यासाठी प्रकाश हवा. म्हणून मी खिडकीजवळ खेळणी मांडते.

* * *

वय सत्तरीपुढे. माझी अट एकच, डोळा लावून बघायची खिडकी हवी. उन्हात स्क्रीनवर काहीच दिसत नाही, आणि हात लांब धरला की कॅमेरा हलतो. डोळ्याशी टेकवला, कोपरं छातीशी धरली की स्थिर राहतो. जुन्या छोट्या कॅमेऱ्यांत ही खिडकी असायची, पुढे बहुतेकांतून गेली. बटणंही बोटाला जाणवतील एवढी असावीत. ज्याच्यासाठी घ्यायचा त्याच्या हातात एकदा देऊन बघा.

* * *

लहान सेन्सरला इतकं वाईट म्हणू नये, असं मला वाटतं. मी पक्षी बघतो. पॅनासॉनिकच्या टीझेड८० ला १/२.३ इंचीच सेन्सर आहे, आणि नेमका म्हणूनच २४ ते ७२० मिलिमीटरचा, म्हणजे तीसपट, झूम खिशात मावतो. मोठ्या सेन्सरला एवढा झूम द्यायचा तर लेन्स हातभर होईल. सकाळच्या उन्हात तारेवरच्या खंड्याची चोच, चोचीतल्या माशाचा डोळा, सगळं स्वच्छ येतं. ढगाळ दिवशी नाही येत, हेही खरं. पण मला पक्षी ओळखायला आणि नोंद ठेवायला फोटो हवा असतो, आणि ते काम तो चोख करतो.

मात्र झूम म्हणजे ऑप्टिकल, लेन्सनं होणारा झूमच धरा. डिजिटल झूम मेनूत जाऊन बंद करून टाका. तो फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करतो. ते नंतर आपल्यालाही करता येतं. आणि पूर्ण झूमवर कठड्याला किंवा झाडाला टेकल्याशिवाय बटण दाबू नका.

* * *

डोंगरात फिरणाऱ्यांसाठी : पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा मिळाला तर सोडू नका. कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेतले बरेच असे आहेत. साधे अल्कलाइन सेल यात फार लवकर दमतात, कारण कॅमेरा एकदम जास्त करंट ओढतो आणि त्यांचा व्होल्टेज पडतो. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल दिसायला १.२ व्होल्टचेच, पण भार आला तरी टिकून राहतात. त्यातही चार्ज धरून ठेवणारे घ्या. सान्योनं २००५ मध्ये एनेलूप आणले, त्या प्रकारातले. नाहीतर महिना-दोन महिने कपाटात पडलेले सेल ऐन शिखरावर रिकामे निघतात. थंडीत जास्तीची जोडी सॅकमध्ये नको, अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा.

खोक्यावर 'इतके फोटो निघतील' असं लिहिलेलं असतं, ते सिपा या जपानी कॅमेरा संघटनेच्या पद्धतीनं मोजतात. त्यात दर दुसऱ्या फोटोला फ्लॅश धरलेला असतो. फ्लॅश बंद ठेवला तर त्याहून जास्त निघतात, व्हिडिओ काढले तर पुष्कळ कमी.

* * *

फुलं-किडे काढणाऱ्यांनी किती जवळून फोकस होतो ते वाचावं, पण पुढची ओळही वाचावी. 'एक सेंटिमीटर' लिहिलेलं असतं ते बहुधा झूम न करता. तेवढं जवळ गेलं की लेन्सचीच सावली किड्यावर पडते. थोड्या झूमवर किती जवळ जाता येतं, तो आकडा माझ्या जास्त कामाचा.

* * *

धागाकर्त्या ताईंना : मुलीसाठी घेताय तर लेन्स बाहेर न येणारा जलरोधक प्रकार बघा. चालू कॅमेरा पडला की बाहेर आलेली लेन्स पहिली वाकते. यात ती आतच राहते. घरातल्या प्रकाशात याचे फोटो साधारणच येतात, ही किंमत मोजावी लागते. पाण्यात नेण्याआधी बॅटरी-कार्डाच्या दाराच्या रबराला केस किंवा वाळूचा कण चिकटलेला नाही ना, ते प्रत्येक वेळी बघायला तिला शिकवा. एवढ्याशा केसानं पाणी आत शिरतं. आणि मनगटाची दोरी पहिल्या दिवसापासून.

* * *

जुना घेणाऱ्यांसाठी जरा लांबण लावतो, कारण परवडणाऱ्या किमतीत आता मुख्यतः जुनाच मिळतो. २०१० मध्ये जगभर १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यांतले बहुतांश या छोट्या जातीचे. पुढे फोननं ही बाजारपेठ गिळली आणि कंपन्यांनी स्वस्त मॉडेलं बंद केली. म्हणजे चांगले कॅमेरे घराघरांतल्या कपाटांत पडून आहेत.

पहिला प्रश्न फोटो साठवणाऱ्या मेमरी कार्डाचा. फार जुना कॅमेरा नुसता एसडी वाचतो, आणि ती कार्डं २ जीबीपर्यंतची. त्यानंतरच्यांना एसडीएचसी चालतं, ३२ जीबीपर्यंत. आजचं ६४ जीबीचं कार्ड असा कॅमेरा सहसा ओळखत नाही. ऑलिंपस आणि फुजीच्या एका काळातल्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागतं. कॅमेरा कितीही आवडला तरी कार्ड सोबत मिळत नसेल तर मी घेत नाही. बॅटरीचंही तेच. आधी बॅटरीचा नंबर बघायचा, तो सेल अजून मिळतो का ते शोधायचं, मग बोलणी.

हातात आल्यावर मी हे करतो. पाच-सहा वेळा चालू-बंद करून लेन्सचा आवाज ऐकतो. करकर आली किंवा लेन्स मध्येच अडखळली तर आत वाळू आहे. पूर्ण झूम करून आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढतो. एकाच जागी करडा डाग पुन्हा पुन्हा आला तर सेन्सरवर धूळ बसलीय. ती काढायला कॅमेरा उघडावा लागतो. टॉर्च तिरका धरून लेन्समध्ये बघतो. बारीक पांढुरके तंतू दिसले तर ती बुरशी, तो कॅमेरा परत. बॅटरीचा खण उघडून हिरवट-पांढरा थर पाहतो, दाराची कडी नीट बसते का पाहतो. बॅटरी दहा मिनिटं काढून ठेवली आणि तारीख पुसली गेली, तर आतली छोटी बॅटरी मेलेली असते. फोटो तरीही निघतात, फक्त दर वेळी तारीख घालावी लागते. किंमत कमी होत असेल तर यावर मी कॅमेरा नाकारत नाही.

सध्या सीसीडी सेन्सरच्या (जुन्या कॅमेऱ्यांतला एक सेन्सरप्रकार) रंगांचं फार कौतुक चाललंय. ते रंग मलाही आवडतात, पण ते एकट्या सेन्सरचे नसतात. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या आतली प्रक्रिया त्यात तेवढीच असते. म्हणून नुसतं 'सीसीडी आहे' म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. त्याच कॅमेऱ्यानं काढलेले चार मूळ फोटो, न सुधारलेले, मागून घ्या. एक उन्हातला, एक घरातला, एक फ्लॅशचा, एक पूर्ण झूमचा. ते द्यायला विकणारा टाळाटाळ करत असेल तर दुसरा कॅमेरा शोधा.