सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यात लहान मुलांना किती वेळ बसवावे?

माजघर: माझ्या आजेसासऱ्यांना एक्क्याऐंशीवे वर्ष लागले असून पुढच्या महिन्यात सांगलीजवळच्या मूळ गावी त्यांची सहस्रचंद्रदर्शन शांत करायची आहे. संकल्प सकाळी ८ वाजता आहे आणि पहिली पंगत दीडच्या आत बसणार नाही, असे गुरुजींनी कळवले आहे. आम्ही पुण्याहून ४ वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा यांना घेऊन जाणार आहोत. पणतवंडांनी आरंभापासून समोर बसावे, कारण आजोबांना त्याचेच कौतुक, अशी सासूबाईंची इच्छा आहे. धाकट्याला माझ्या आईकडेच ठेवावे, असे नणंदबाईंचे म्हणणे. मला दोन्ही पटत नाही. ज्यांच्या घरी अशी कार्ये झाली आहेत, त्यांनी कृपया मार्ग सुचवावा.

पळीपंचपात्र: मी पौरोहित्य करतो, म्हणून विधींच्या क्रमापासून सांगतो. गणपतीपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध, आचार्यवरण, मग कलशांची मांडणी आणि ग्रहस्थापना, एवढ्या साऱ्याला पाटावर यजमान दांपत्य असले म्हणजे पुरते. त्यानंतरच्या हवनात समिधा जराशा ओल्या निघाल्या, तरी मांडवात मोठ्यांचेही डोळे चुरचुरतात. दीड वर्षाच्या मुलाला त्या धुरात धरून बसण्यात कोणतेही पुण्य नाही. मुलांना आणावे ते पूर्णाहुतीच्या सुमारास, कारण तेव्हा घरच्या सर्वांनी यजमानांच्या हाताला हात लावून उभे राहण्याची पद्धत आहे आणि पुढचा सगळा भाग मुलांना दिसण्याजोगा, आवडण्याजोगा असतो. कलशातले पाणी आंब्याच्या डहाळीने आजोबांवर शिंपडले जाते, तुपाच्या वाटीत ते आपले मुख पाहतात, तुला ठरली असेल तर पारड्यात गुळाच्या ढेपा चढतात आणि मग एक्क्याऐंशी दिव्यांनी औक्षण होते. पूर्णाहुती साधारण किती वाजता होईल, हे आपल्या गुरुजींना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. अर्धा तास मागेपुढे धरून कोणीही सांगू शकतो.

ओसरीवरची आजी: गुरुजींचे म्हणणे योग्यच आहे, पण मुले रडतात ती मंत्रांना कंटाळून नव्हे, भुकेने आणि झोपेने. नैवेद्याआधी मुलांनी जेवू नये हा आग्रह मी आमच्या घरात कधी चालू दिला नाही. आचाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवावे, म्हणजे तो ११ वाजता मऊ भात, साधे वरण आणि तूप वेगळे काढून देतो. कोणाला फारच रुखरुख वाटली तर नैवेद्यापुरते आधी बाजूला काढून झाकून ठेवावे. धाकट्याला जेवणानंतर लगेच झोप येईल, तेव्हा मांडवापासून लांबची एखादी खोली, शेजाऱ्यांची असली तरी, मागून ठेवावी. आणि औक्षणाच्या तबकाजवळ मुलीला नायलॉनचा घेरदार फ्रॉक मुळीच घालू नये. परकर-पोलके हवेच असेल तर सुती शिवावे.

खडीसाखर: आतापर्यंतच्या चर्चेत मुलांच्या वडिलांचा उल्लेख कोठेही आलेला नाही. पाटावर आजोबा-आजी बसणार, म्हणजे नातू मोकळाच असणार. उलट नातसुनेला सकाळपासून ओट्या, हळदीकुंकू आणि आल्यागेल्याचे चहापाणी चुकणार नाही. तेव्हा ८ ते ११ मुलांची जबाबदारी वडिलांनी घ्यावी, त्यांना गावातल्या देवळात, गोठ्यात, शेतावर फिरवून आणावे. ‘सगळे आहेतच की लक्ष द्यायला’ या भरवशावर सोडलेल्या मुलाकडे अशा गर्दीत कोणाचेच लक्ष नसते. हातात मोबाइल देऊन मूल समोर बसवण्यालाही माझा विरोध आहे. मुलगी तिथे बसलेली दिसेल, पण आजोबांकडे तिचे लक्ष नसेल.

माजघर: सर्वांची आभारी आहे. दोन्ही मुलांना नेण्याचे आणि पूर्णाहुतीपासून मांडवात आणण्याचे आम्ही नक्की केले आहे. सकाळची जबाबदारी यजमानांनी, म्हणजे माझ्या, स्वीकारली आहे. सासूबाईंना हा बेत गुरुजींच्याच तोंडून कळावा, अशी व्यवस्था करत आहोत. एक शंका उरते: पणतवाचे तोंड पाहिले म्हणून आजोबांवर सोन्याची फुले उधळायची आहेत आणि ती धाकट्याच्या हातून उधळावीत, असा सर्वांचा हट्ट आहे.

ओसरीवरची आजी: हट्ट पुरवावा, पण त्याच्या ओंजळीत झेंडूच्या पाकळ्या द्याव्यात आणि सोन्याची फुले तुम्ही त्याच्या हाताखाली आपला हात धरून सोडावीत. दीड वर्षाचे मूल हाती आलेली वस्तू प्रथम तोंडात घालते. आजोबांच्या मांडीवर उपरणे पसरून ठेवले, म्हणजे फुले मोजून परत घेता येतात.