मदत हवी आहे : ग्रहाच्या कडेवरचे वातावरण खरे कसे वाटेल?

नमस्कार. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अवकाशातून दिसणारी पृथ्वी साकारण्याचा माझा प्रयत्न गेले काही आठवडे चालू असून जमीन, समुद्र आणि ढगांचे थर मनासारखे जमले आहेत. अडले आहे ते वातावरणापाशी. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर आणि अवकाशाची प्रचलित सीमा १०० किलोमीटरवर, म्हणजे गोल १,००० पिक्सेल रुंद धरला तर सगळे वातावरण जेमतेम ८ पिक्सेलांत मावते, आणि त्यातही हवेची घनता दर साडेपाच किलोमीटरला जवळजवळ निम्मी होत जाते. हे प्रमाण काटेकोर पाळले की माझ्या चित्रातली कडा कात्रीने कापल्यासारखी दिसते आणि थर जाड केला की ग्रहाभोवती निळ्या दिव्याची झळाळी येते, जी मला अजिबात पटत नाही.

७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ मधून टिपलेल्या छायाचित्रात कडेकडे जाताना भूभागाचे रंगच फिकट, निळसर होत जातात. खरेपणा तिथेच आहे, असे माझे मत आहे.

घनता उंचीनुसार घटवणारा व्हॉल्यूम शेडर (हवेसारख्या पोकळीत भरलेल्या पदार्थातून प्रकाश कसा जाईल हे ठरवणारी मांडणी) वापरावा, की पृष्ठभागावरच पाहण्याच्या कोनानुसार निळी छटा मिसळावी? शिवाय दिवस-रात्रीच्या सीमारेषेवर, जिथे सूर्यकिरण हवेतून लांबचा तिरपा प्रवास करून तांबूस होतात, तिथे माझ्याकडे नुसता करडा पट्टा उमटतो. निळा प्रकाश अधिक विखुरण्यासाठी लाल, हिरव्या व निळ्या रंगांची विकिरण-मूल्ये वेगवेगळी कशी द्यावीत, हे कोणी नोड-रचनेसह (ब्लेंडरमधल्या एकमेकांना जोडायच्या चौकटींच्या आराखड्यासह) समजावून सांगितल्यास मी अत्यंत आभारी राहीन.