मदत हवी आहे: जो पिकेट कोणत्या क्रमाने वाचू?

मंडळी, सी. जे. बॉक्सची 'ओपन सीझन' (२००१) दोन रात्रींत संपवली. नायक जो पिकेट अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातला गेम वॉर्डन. शिकारीचे, मासेमारीचे परवाने तपासणारा साधा सरकारी माणूस, नेमबाजीत कच्चा, पगार बेताचा. परवान्याशिवाय मासे पकडले म्हणून या पठ्ठ्याने थेट गव्हर्नरलाच दंड ठोकलेला! आणि एके दिवशी त्याच्याच घरामागे, लाकडाच्या ढिगाऱ्यावर प्रेत सापडतं.

या मालिकेतली पुढची पुस्तकं क्रमानेच वाचायला हवीत का? जोच्या मुली मोठ्या होत जातात म्हणे, त्यामुळे मधूनच उचलायला धीर होत नाही. मला यातली यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये घडणारी 'फ्री फायर' आधी वाचायची आहे.

याच धाटणीचे लेखक पॉल डॉयरन (नायक अमेरिकेतल्या मेन राज्यातला वॉर्डन) आणि लेखिका नेवाडा बार (नायिका नॅशनल पार्कची रेंजर) कुणी वाचलेत का? सुरुवात कुणापासून करू?

शेवटचं, आणि खरं तर महत्त्वाचं. बाबा निवृत्त वनरक्षक आहेत, इंग्रजी वाचत नाहीत. जंगलखात्यातला माणूस तपास करतो अशी मराठी कादंबरी, मूळ किंवा अनुवादित, माहीत असेल तर नक्की सांगा. शिकारकथा नकोत, त्या वाचताना ते चिडतात.