गॉसिप म्हणजे अफवा नव्हे! (की तेच?)

शुद्धलेखनी: आमच्या ऑफिसात परवा मेल आला, "रूमर पसरवू नका." कारण काय, तर दोघांचं जमलंय अशी कुजबुज. माझं म्हणणं, हे गॉसिप झालं. "यंदा इन्क्रिमेंट नाही म्हणे" हा रूमर. गॉसिप माणसाबद्दल, तेही ओळखीच्या, आणि शंभर टक्के खरं असलं तरी गॉसिपच. रूमर खात्री होईपर्यंतच रूमर. खरा निघाला की बातमी, खोटा निघाला की थाप. या हाणायला.

पारावरचा: उगाच कीस काढताय. ते दोघं फिरतात हे तुम्हाला कुणी सांगितलं? ऐकीवच ना? टपरीवर असतं तोवर गॉसिप, तिसऱ्या मजल्यावर पोचलं की रूमर. माल तोच, पत्ता बदलला.

शुद्धलेखनी: ऐकीव नाही, मी स्वतः पाहिलंय, मल्टिप्लेक्सच्या पार्किंगमध्ये. (हे लिहिलं म्हणजे मीही गॉसिपच करतेय, मान्य.)

जुनी_पोथी: गॉसिपचं मूळ जुन्या इंग्रजीतलं 'गॉडसिब', म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचे धर्ममातापिता होणारे. पुढे अर्थ झाला जिवाभावाची सखी, मग बाळंतिणीपाशी जमणाऱ्या बायका, आणि शेवटी त्यांचं बोलणं. रूमर लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, तिथे त्याचा अर्थ गलका. एकात नातं, दुसऱ्यात नुसता आवाज. 'शी इज अ गॉसिप' आजही चालतं. 'शी इज अ रूमर' म्हणून बघा!

पारावरचा: व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही. संस्कृतात 'साहस' म्हणजे बळजबरी, गुन्हासुद्धा. आपण मुलांना साहसकथा वाचायला देतो. आणि बायका जमल्या की गॉसिप, पुरुष पारावर बसले की राजकारणावर चर्चा, हेही एकदा बोलून टाका. आम्ही तिथे काय बोलतो ते मला ठाऊक आहे.

कोर्टकचेरी: भारतीय न्याय संहितेच्या कलम 353 मध्ये (सार्वजनिक शांतता बिघडवणाऱ्या विधानांबद्दलचं) 'रूमर' हा शब्द आहे, 'गॉसिप' नाही. फरक उगाच नाही. 1 जुलै 2018, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर चालू होते. भिक्षा मागायला आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्यांना तिथे कुणी ओळखत नव्हतं. गॉसिपला ओळख लागते. अफवेला अनोळखी माणूसच सोयीचा.

पारावरचा: राईनपाड्यापुढे मी गप्प. पण दुसरी बाजू बघा. गावातल्याच, रोज दिसणाऱ्या बाईबद्दल "ही करणी करते" अशी कुजबुज नळावर सुरू होते, आणि तिला घर सोडावं लागतं. तिला तर सगळे ओळखतात. हे तुमच्या व्याख्येत गॉसिप, म्हणजे निरुपद्रवी? मग 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा कशाला करावा लागला?

कोर्टकचेरी: निरुपद्रवी मी म्हटलंच नाही. पण उदाहरण बिनतोड आहे. ती कुजबुज दोन्ही आहे.

गजालीवाला: आमच्या मालवणात गजाली चालतात, त्या यातल्या कशातच बसत नाहीत. पण मराठी क्रियापदं बघा की! आवई उठते, वावडी उडते, कंडी पिकते. कर्ता गायब. चहाडी, कुचाळकी मात्र कुणीतरी *करतो*. इंग्रजीतही 'इट इज रूमर्ड', 'रूमर हॅज इट', बोलणारा कोण ते नाहीच. 'ही गॉसिप्स'मध्ये (म्हणजे 'तो गॉसिप करतो') मात्र तो पकडला जातो. मला वाटतं सगळी मेख इथे आहे, खरं-खोटं यात नाही.

शुद्धलेखनी: वा! माझी व्याख्या मागे. पण मग मेलमधलं 'रूमर पसरवू नका' बरोबरच ठरतं की. उठला आपोआप, पसरवणारे आम्ही.

जुनी_पोथी: जाता जाता, 'गॉसिप्स' असं अनेकवचन लिहू नका हो. गॉसिप्स म्हणजे चहाडखोर माणसं. गप्पांना 'गॉसिप'च.

पारावरचा: लिहिणार नाही. ते इन्क्रिमेंटचं खरंय का पण?