मदत हवी आहे: ड्युशेन असलेल्या भाच्यासाठी गेम कंट्रोलर

नमस्कार मंडळी,

माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे, साताऱ्याला राहतो. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर करणारा आनुवंशिक आजार) आहे, व्हीलचेअर वापरतो. या आजारात कंबर आणि खांद्यांचे स्नायू आधी जातात, बोटांतली ताकद त्यामानाने उशिरापर्यंत टिकते. त्याचंही तसंच आहे. हात उचलता येत नाही, पण मनगट ट्रेवर टेकवलं की दोन्ही अंगठे आणि तर्जनी छान चालतात.

शाळेतले मित्र संध्याकाळी ऑनलाइन जमतात, फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतात. साधा कंट्रोलर त्याला हातात पेलत नाही आणि मागचे ट्रिगर (तर्जनीने दाबायच्या कळा) दाबून बोटं दमतात. ॲक्सिलरेटर नेमका ट्रिगरवर! मग थोड्या वेळाने तो खेळणं सोडतो आणि मित्रांच्या गप्पा नुसत्या ऐकत बसतो. ते मला बघवत नाही.

मायक्रोसॉफ्टचा २०१८ सालचा, अपंग खेळाडूंसाठीचा एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर पाहिला. तो विंडोजवर चालतो, आणि आमच्याकडे पीसीच आहे. सोनीचा २०२३ चा ॲक्सेस कंट्रोलर प्लेस्टेशन ५ साठी आहे, म्हणून तो बाजूला ठेवला. पण ॲडॅप्टिव्हवरची ती दोन मोठी बटणं तळहाताने किंवा अख्ख्या हाताने दाबण्यासारखी वाटतात. हात उचलता न येणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग? कुणी अशा मुलासाठी जुळणी केली आहे का? भारतात बसून मागवला असेल तर कुठून, आणि कस्टम्स धरून केवढ्याला पडला?

प्रतिसाद १

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. त्या मोठ्या बटणांकडे बघून निर्णय घेऊ नका. त्या यंत्राचं खरं काम मागच्या बाजूला आहे: ३.५ मि.मी.चे १९ जॅक (बाहेरून वेगळी बटणं जोडायच्या खाचा), म्हणजे जवळपास प्रत्येक बटणाला स्वतंत्र जागा, शिवाय जॉयस्टिकसाठी दोन यूएसबी पोर्ट. कंट्रोलर टेबलावर कुठेही पडू दे, मुलाच्या बोटांखाली फक्त त्याला दाबता येतील तेवढीच बटणं येतात. लॉजिटेकच्या ॲडॅप्टिव्ह गेमिंग किटमध्ये १२ बटणं-ट्रिगर येतात, त्यांतली चार हलक्या स्पर्शाची असतात. तुमच्या भाच्यासाठी तीच बघा.

बटणं ट्रेवर वेल्क्रोने लावा. मनगट सरळ आणि कोपराला आधार हवाच. जागा तो खेळत असताना ठरवा, आधी नाही. दमल्यावर बोट कुठे घसरतं ते तेव्हाच कळतं.

प्रतिसाद २

पूर्ण किट घ्यायच्या आधी एक स्वस्त प्रयोग करता येईल. हे जॅक साध्या स्विचचे आहेत, दोन तारा जोडल्या की बटण दाबलं गेलं. जुन्या माऊसमधला मायक्रोस्विच (क्लिकखालचा छोटा स्विच) काढून ३.५ मि.मी.च्या मोनो पिनला सोल्डर करा. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा कुणीही करून देईल. माऊसची क्लिक त्याला जमत असेल तर हे बटण नक्की जमेल. अंगठा पूर्ण वळत नसेल तर स्टीमच्या (पीसीवर गेम चालवायचं ॲप) कंट्रोलर सेटिंगमध्ये बाहेरचा डेडझोन (स्टिक कुठवर ढकलली की पूर्ण धरायची ती हद्द) कमी करा, थोड्या हालचालीतही स्टिक पूर्ण वळल्यासारखी धरली जाते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. माऊस तो अजून सहज चालवतो, त्यामुळे मायक्रोस्विचची कल्पना फार आवडली. एक शंका: बटणाने ॲक्सिलरेटर दिला तर गाडी कायम पूर्ण वेगात जाणार ना? वळणावर अर्धा वेग कसा द्यायचा?

प्रतिसाद १

हो, साधं बटण म्हणजे एकतर पूर्ण, नाहीतर शून्य. लॉजिटेकच्या किटमधले दोन ट्रिगर मात्र कमी-जास्त दाब ओळखतात, पण ते तर्जनीला झेपतील का ते आधी बघा. नाही झेपले तर फोर्झामध्ये ब्रेक आणि स्टीअरिंगची मदत सुरू करा. वळणाआधी ब्रेक गेमच लावतो. ऑफलाइन सरावाला गेमचा वेगही कमी करता येतो. सुरुवात एका बटणाने करा, ते त्याच्या सवयीचं झालं की दुसरं जोडा. ट्रेचा आणि त्याच्या हातांचा फोटो इथे टाकलात (चेहरा नको), तर बटणांची जागा सुचवते.