शब्दचर्चा : 'मेटाबोलाइट'साठी 'चयापचयज' चालेल का?

अनुवादक, जळगाव : विज्ञानपत्रिकेसाठी स्फिंगोसीन-१-फॉस्फेट या रेणूवरील लेख मराठीत करताना 'मेटाबोलाइट' (चयापचयात तयार होणारा पदार्थ) या शब्दापाशी अडलो आहे. पेशीपटलातील स्फिंगोलिपिड या मेदद्रव्यांपासून सेरामाइड, सेरामाइडापासून स्फिंगोसीन आणि स्फिंगोसीनवर कायनेज विकराने (एन्झाइमने) फॉस्फेट बसवला की हा रेणू तयार होतो. म्हणून मी 'चयापचयज' लिहिले. तपासणाऱ्या सरांनी ते खोडून 'चयापचयातील टाकाऊ घटक' असे केले. जाणकारांनी मत द्यावे.

रसायनाचा शिक्षक, धुळे : 'टाकाऊ' हा अर्थाचा अनर्थ आहे. सेरामाइडाचे प्रमाण वाढले की पेशी मरणाकडे झुकते आणि स्फिंगोसीन-१-फॉस्फेट वाढले की ती तगते, असा साधारण अनुभव आहे; ज्याच्यावर पेशीचे जगणे-मरणे अवलंबून असते त्याला कचरा कसे म्हणणार? शिवाय हा रेणू रक्तात भरपूर आणि ऊतींमध्ये अत्यल्प असतो, कारण ऊतींमधील लायेज विकर त्याचे विघटन करत राहते. प्रमाणातील या फरकाच्या आधारानेच लसीकापेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) लसीकाग्रंथींतून बाहेर पडून रक्तात येतात. 'मल्टिपल स्क्लेरोसिस' या मज्जासंस्थेच्या आजारासाठी अमेरिकेत २०१० साली मंजूर झालेले फिंगोलिमॉड हे औषध नेमकी हीच वाट अडवते. राहता राहिला 'ज' हा प्रत्यय, म्हणजे 'त्यापासून जन्मलेले'. जलज आणि अंडज म्हणताना आपण कोणाला टाकाऊ ठरवत नाही.

निवृत्त ग्रंथपाल, अमळनेर : प्रत्यय निर्दोष असेल, पण 'चयापचयज' हा शब्द उच्चारून दाखवावा. 'मेटाबोलाइट' देवनागरीत लिहिल्याने मराठी बुडत नाही. माझी हरकत खरे तर लेखात असणारच अशा 'पेशीय संकेतन' या शब्दाला आहे. जुन्या काव्यात संकेत हा प्रियकर-प्रेयसीच्या भेटीचा, व्यवहारात संकेत म्हणजे रूढी, आणि आता संकेतस्थळ संगणकावर जाऊन बसले आहे. आमच्या घरी माहेरहून येई तो 'सांगावा'. एका पेशीने दुसरीला धाडलेल्या रेणूला सांगावा का म्हणू नये?

रसायनाचा शिक्षक, धुळे : नाना, सांगावा गोड आहे, पण सांगाव्याचा अर्थ धाडणारा ठरवतो. येथे तो ऐकणारा ठरवतो. या रेणूचे पाच ग्राही, म्हणजे त्याला ओळखून पेशीला कामाला लावणारी पेशीवरील प्रथिने, ठाऊक आहेत. पहिला ग्राही रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशींना एकमेकींना घट्ट धरायला लावतो, त्यामुळे वाहिनी पाझरत नाही. तो ग्राही नसलेले उंदरांचे भ्रूण रक्तस्राव होऊन गर्भातच दगावतात. दुसरा ग्राही मात्र पुष्कळदा तेच अस्तर सैल करतो. म्हणून लेखात 'ऊतिरक्षक रेणू' असे सरसकट लिहू नये. रक्तातील या रेणूचा मोठा भाग एचडीएलवर ('चांगले कोलेस्टेरॉल' वाहणाऱ्या कणांवर) स्वार असतो आणि एचडीएलच्या हृदयरक्षक गुणाचे काही श्रेय त्याला दिले जाते, एवढेच म्हणावे. 'संकेत' कोरडा आहे, पण निदान तो चांगले-वाईट काही बोलत नाही.

वैद्यकीय विद्यार्थिनी, नंदुरबार : घट्ट धरण्यावरून आठवले. स्फिंगोसीनमधील 'स्फिंग' हा आवळणे या अर्थाच्या ग्रीक धातूतून आला, 'स्फिंक्टर' (आवळून वाट बंद करणारा स्नायू) हाही त्यातलाच, आणि रेणू अस्तर आवळतो म्हणून हे नाव पडले, असे आम्हाला वर्गात सांगितले होते.

अनुवादक, जळगाव : ताई, हे नाव रसायनशास्त्रज्ञ थुडिकम यांनी १८८४ साली मेंदूतील द्रव्यांचा अभ्यास करताना दिले, तेही ग्रीक पुराणातील कोडे घालणाऱ्या स्फिंक्सवरून, कारण त्या द्रव्याने त्यांना कोड्यात पाडले होते. रेणूचा अस्तर आवळण्याचा गुण त्यानंतर कित्येक दशकांनी कळला. खुद्द स्फिंक्स त्या धातूतून आली असे मानणारे आहेत, एवढाच काय तो धागा.

केळी उत्पादक, रावेर : शिक्षकभाऊंनी 'ऊती' हा शब्द सहज वापरला, म्हणून लिहितो. आमच्या भागात केळीची लागवड टिश्यूच्या रोपांवर होते आणि 'टिश्यूची रोपे' हे मजुरालाही कळते. शासकीय पत्रकातील 'ऊतिसंवर्धित' मी आजवर कोणाच्याही तोंडून ऐकलेले नाही.

निवृत्त ग्रंथपाल, अमळनेर : 'ऊती' मात्र सोडू नये. 'वे' म्हणजे विणणे. त्यावरून ऊत आणि ऊती, आणि 'ओतप्रोत'ही त्याच मागावरचा. गंमत अशी की इंग्रजी 'टिश्यू'चे मूळ असलेल्या फ्रेंच शब्दाचा अर्थही विणलेले असाच आहे.

रसायनाचा शिक्षक, धुळे : मग 'मेटाबोलाइट'ला एक न्याय आणि 'टिश्यू'ला दुसरा, हे कसे?

निवृत्त ग्रंथपाल, अमळनेर : 'ऊती' दोन अक्षरांत उरकते, 'चयापचयज'ला सहा लागतात. न्याय जिभेचा आहे, व्याकरणाचा नाही.

केळी उत्पादक, रावेर : जिभेचाच न्याय लावायचा तर आमचा 'टिश्यू'ही दोनच अक्षरांचा आहे, नाना.