बिझनेस एथिक्सचं पाठ्यपुस्तक बदलावं का? मुलांचे अभिप्राय वाचून प्रश्न पडलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला बिझनेस एथिक्स शिकवते. पुढच्या सेमिस्टरला पुस्तक तेच ठेवायचं की बदलायचं, हे विभागाला कारणांसकट लेखी कळवायचं आहे. म्हणून या वेळी मुलांकडून पुस्तकाबद्दल निनावी अभिप्राय मागवले. जाड आहे, महाग आहे, भाषा जड आहे हे आलंच. पण बाकीचं जे आलं ते इतकं नेमकं आहे की तुमच्याशी बोलल्याशिवाय ठरवावंसं वाटत नाही.

सगळ्यात जास्त मुलांनी लिहिलंय की पुस्तक निकाल आधी सांगतं. प्रकरणाच्या मथळ्यातच लोभ, फसवणूक असे शब्द, मग केस, मग खाली प्रश्न: कोणत्या तत्त्वाचा भंग झाला? एकीनं लिहिलंय, "दोषी कोण ते पहिल्या ओळीत कळतं. आम्ही फक्त त्यावर कांट किंवा उपयुक्ततावाद अशी चिठ्ठी चिकटवतो." (कांट म्हणजे परिणामापेक्षा कर्तव्याला महत्त्व देणारा जर्मन तत्त्वज्ञ, आणि उपयुक्ततावाद म्हणजे जास्तीत जास्त लोकांचं भलं ज्यात ते योग्य, हा विचार.) हे वाक्य काही डोक्यातून जात नाही.

दुसरा मुद्दा फोर्ड पिंटोच्या केसचा. पिंटो म्हणजे फोर्डची सत्तरच्या दशकातली छोटी मोटार, मागून धडक बसली की तिची पेट्रोलची टाकी फुटून आग लागते असा आरोप होता. आमच्या पुस्तकात ती दोन पानांत उरकली आहे: कंपनीनं हिशेब मांडला, दर गाडीमागे ११ डॉलरची दुरुस्ती महाग पडेल आणि माणसं दगावली तर भरपाई स्वस्त पडेल, म्हणून दुरुस्ती केली नाही. एका मुलानं मूळ कागद शोधून वाचला. त्यात १ कोटी २५ लाख वाहनं गुणिले ११ डॉलर म्हणजे सुमारे १३.७ कोटी डॉलर खर्च, आणि समोर १८० मृत्यू धरून ४.९५ कोटी डॉलर फायदा, हा हिशेब खरंच आहे. पण तो एकट्या पिंटोचा नाही. अमेरिकेतल्या सगळ्या मोटारी आणि हलक्या ट्रकांचा आहे, गाडी उलटल्यावर लागणाऱ्या आगीबद्दलचा आहे, आणि १९७३ मध्ये सरकारी नियामकाला सादर करण्यासाठी केलेला आहे. माणसाच्या जिवाची दोन लाख डॉलर ही किंमतसुद्धा त्या नियामक संस्थेच्याच आकड्यांतून घेतलेली. पिंटोचा वाद मात्र मागून धडक बसल्यावर टाकी फुटण्याचा. मुलानं विचारलंय, "मग हा कागद नेमका कशाचा पुरावा आहे?" फोर्डला निर्दोष ठरवायचा त्याचा हेतू नाही, पुस्तकानं त्याला हा प्रश्न विचारूच दिला नाही अशी त्याची तक्रार आहे. मला ती शंभर टक्के रास्त वाटते.

तसंच अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनचं. पुस्तकात तो नफ्यापुढे काहीही न दिसणारा माणूस आहे. त्याचा १९७० चा मूळ लेख वाचलेल्या दोघांनी दाखवून दिलं की नफा वाढवताना समाजाचे मूलभूत नियम पाळायचे, कायद्यातले आणि नैतिक रूढीतलेही, ही अट त्यानं घातली आहे. पुस्तकात ती अटच गाळली आहे. खरा वाद तर तिथूनच सुरू होतो ना? रूढी कोणाची, आणि कायदाच अपुरा असेल तर काय?

पुस्तक आवडलेलीही बरीच मुलं आहेत. तत्त्वज्ञानाशी आधी कधीच संबंध न आलेल्यांना व्याख्या सुटसुटीत वाटल्या, परीक्षेला उपयोग झाला. हे मला हलक्यात घ्यायचं नाही.

तर विचारायचंय ते असं. पुस्तक बदलावं, की तेच ठेवून केसेस बाहेरच्या घ्याव्यात? निकाल लपवून केस द्यायची तर फोनवर दोन मिनिटांत सगळं सापडतं, त्याचं तुम्ही काय करता? आणि ज्या प्रश्नाला एक उत्तर नाही, त्याला गुण कसे देता?

हिशेबनीस:
मी ऑडिट क्षेत्रात आहे, शिकवत नाही. पण नव्यानं रुजू झालेली मुलं बघतो, त्यांना एन्रॉन, म्हणजे हिशेबातल्या घोटाळ्यानंतर २००१ मध्ये बुडालेली अमेरिकी ऊर्जा कंपनी, म्हणजे फक्त काही लबाड माणसं एवढंच माहीत असतं. भविष्यातला अंदाजित नफा आजच हिशेबात धरायची जी पद्धत एन्रॉननं वापरली, तिला अमेरिकेच्या रोखे नियामकानं १९९२ मध्ये गॅसच्या करारांपुरती मान्यता दिली होती. आणि २००० साली तिची ऑडिट फर्म आर्थर अँडरसनला एन्रॉनकडून ऑडिटचे अडीच कोटी डॉलर मिळाले, सल्लागारीचे २.७ कोटी. यातलं काहीही लपूनछपून नव्हतं. मुलांना एवढेच आकडे द्या आणि विचारा: तुम्ही त्या फर्ममध्ये भागीदार आहात, या ग्राहकाचं ऑडिट पुढच्या वर्षी घ्याल का? सल्ल्याचं काम सोडाल का? २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यानं ऑडिटरच्या अशा कामांवर बंधनं आणली, ते उत्तरं आल्यानंतर सांगा.

शेवटचा_बाक:
मॅडम, मी गेल्या वर्षी हाच विषय घेतला होता. पुस्तक पूर्ण काढू नका, पहिली तीन प्रकरणं नसती तर मला कांट कळलाच नसता. फक्त ती तीन प्रकरणं संपली की कांट परत कुठे भेटतच नाही.
माझी तक्रार वेगळी आहे. प्रत्येक केसमध्ये आम्ही सीईओ असतो. "तुम्ही संचालक असता तर काय केलं असतं?" आमची पहिली नोकरी एक्सेल शीट भरायची असणार आहे. वरिष्ठानं एक आकडा बदलायला सांगितला, घरी हप्ता चालू आहे, तेव्हा काय करायचं, कोणाशी बोलायचं, लेखी काय ठेवायचं, याबद्दल पुस्तकात एक पान नाही.

अनुपमेय:
वरच्या मुद्द्याला पिंटोतच उत्तर आहे. डेनिस जिओया नावाचा तरुण १९७३ च्या सुमारास फोर्डमध्ये गाड्या परत बोलावण्याच्या निर्णयांचं काम बघत होता. पिंटोला आग लागल्याच्या तक्रारी त्याच्याकडे आल्या, जळालेली गाडी त्यानं पाहिली, समितीपुढे विषयही नेला, आणि गाडी परत बोलावू नये असं मत दिलं. फोर्डनं शेवटी १९७८ मध्ये त्या गाड्या परत बोलावल्या. पुढे तो व्यवस्थापनाचा प्राध्यापक झाला आणि १९९२ मध्ये हे सगळं स्वतः लिहून काढलं. टेबलावर शेकडो फाइली, प्रत्येकीला ठरलेले निकष, पिंटो त्या निकषांत बसत नव्हती. तो स्वतः पिंटोच चालवायचा आणि ती त्यानं बहिणीला विकली. धोका दिसूनही न दिसणं म्हणजे काय, हे मुलांना यातून जितकं कळतं तितकं व्याख्येतून नाही कळत.

फोनचं म्हणाल तर मी केस तुकड्यांत देतो, कंपनीचं नाव काढून. पहिला तुकडा त्या माणसाला त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढाच. मुलं वर्गातच निर्णय लिहून कागद माझ्याकडे देतात, मग दुसरा तुकडा. ओळखणारा एखादा असतोच, त्याला विरुद्ध बाजू लिहायला देतो. गुण निर्णयाला नाहीत. कोणाचं नुकसान होईल हे ओळखलं का, आपल्या मताविरुद्धचं सगळ्यात भक्कम कारण मांडलं का, आणि नवी माहिती आल्यावर मत बदललं किंवा टिकवलं ते कशामुळे, या तीन गोष्टींना आहेत. तपासायला वेळ फार जातो, हे मात्र आधीच सांगतो.

धागाकर्ती:
तिघांचेही मनापासून आभार. पुस्तक पहिल्या प्रकरणांपुरतं ठेवायचं, फ्रीडमनचा मूळ लेख जोडायचा आणि केसेस तुकड्यांत द्यायच्या, असं विभागाला कळवते आहे.
शेवटचा_बाक, कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या जागेवरून लिहिलेल्या केसेस मला खरोखर हव्या आहेत. इथे नोकरी करणाऱ्यांपैकी कोणी स्वतःचा प्रसंग, कंपनी आणि माणसं ओळखू येणार नाहीत अशा बेतानं लिहून द्याल का? एक पान पुरे, आणि तुम्ही पुढे काय केलंत ते वेगळ्या कागदावर.
हिशेबनीस, ऑडिटच्या प्रश्नाला उत्तर देताना मुलांसमोर आणखी कोणते आकडे असायला हवेत?